राजवाड्यापासून मोती तलावापर्यंत

लग्न होऊन मी सिंदखेडराजाला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. माहेर उंद्रीचं. वडलांचा भाजीपाल्याचा मळा होता. सातवीपर्यंत शिकले आणि मग लग्न ठरलं. आमचे हे सिंदखेडच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायचे. घरात हे, सासूबाई आणि मी. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले.

सिंदखेडराजा म्हणजे माँसाहेबांचं माहेर, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया म्हणाल्या होत्या, "महाराजांच्या आजोळी चालली वं तू!" मलाही वाटलं, रोज उठून राजवाडा दिसेल, तळं दिसेल. प्रत्यक्षात पहिलं वर्षभर मला आमचं घर, पाण्याचा आड आणि सोमवारी नीलकंठेश्वराचं देऊळ एवढंच दिसलं. देवळातही आम्ही मागच्या बोळानं जायचो. राजवाड्यासमोरचा रस्ता बाजाराचा. त्या रस्त्यानं सुनांनी जाऊ नये असं कुणी तोंडानं म्हटलं नव्हतं, पण कुणी जातही नव्हतं. वर्ष उलटलं तरी राजवाड्याचा दरवाजा मी समोरून पाहिला नव्हता.

गावात पाहुणे आले की त्यांना गाव दाखवायचं काम यांच्याकडे असायचं. कधी दुसऱ्या शाळेचे शिक्षक, कधी कचेरीतले साहेब, कधी कॉलेजातली मुलं. हे त्यांना राजवाड्यापासून मोती तलावापर्यंत पायी फिरवायचे, आणि दुपारी पाय धुळीनं भरलेले, घसा बसलेला, असे घरी यायचे. जेवताना सांगायचे, आज एकानं असं विचारलं, मी त्याला असं सांगितलं. मी वाढता वाढता ऐकायची. एकदा ताटात भाकरी टाकताना मी म्हटलं, "साऱ्या जगाला दाखवता. एकदा मलाही दाखवा."

यांचा घास हातातच राहिला. रागावले असं वाटून मी आत जायला लागले, तर म्हणाले, "खरंच की. हे मला सुचलंच नाही कसं?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पहाटे निघायला लागलो, दुकानांच्या फळ्या निघायच्या आत. नवराबायकोनं दोघांनीच फिरणं बरं दिसलं नसतं, म्हणून सासूबाई बरोबर. त्या चाळीसेक वर्षं या गावात नांदलेल्या. पहिल्या दिवशी कुरकुरत आल्या. "भिंतीचं एवढं काय सांगायचंय?" म्हणाल्या. हे मात्र वर्गात उभे असल्यासारखे, हात मागे बांधून, आम्हा दोघींना सगळं नीट सांगत. दोनच श्रोते होते, पण आवाज चाळीस मुलांना पुरेल एवढा. तीनचार दिवसांनी असं झालं की मी उठायच्या आत सासूबाई तुळशीला पाणी घालून, डोक्यावर पदर घेऊन ओसरीत तयार बसलेल्या असायच्या.

या गावात दोन काळांचे हात आहेत, हे मला त्या फेऱ्यांत कळलं. नीलकंठेश्वराचं देऊळ यादवांच्या काळचं, हेमाडपंती. दगडावर दगड बसवलेला, मध्ये चुना नाही. खांबांवर नक्षी, समोर पायऱ्यापायऱ्यांचं कुंड. त्यानंतर कितीतरी वर्षांनी राजे, म्हणजे माँसाहेबांचे वडील, आले. ते निजामशाहीचे मोठे सरदार. त्यांनी अहमदनगर, दौलताबाद पाहिलेलं. त्यांच्या बांधकामात उंच कमानी, विटा, चुना, घुमट. हे म्हणायचे, "पुस्तकात हे दोन धडे वेगवेगळे असतात. आपल्या गावात तुम्ही एका धड्यातून दुसऱ्या धड्यात चालत जाऊ शकता." मला ते वाक्य फार आवडलं. भांडी घासताना मी ते मनातल्या मनात म्हणून बघायची.

त्याच वर्षी थंडीत नांदुऱ्याकडच्या एका महिला मंडळाची ग्रामसेविका आमच्या घरी आली. तिला मंडळातल्या बायांना माँसाहेबांचं माहेर दाखवायला आणायचं होतं. यांनी लगेच होकार दिला. पण बाई चुळबुळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमी सांगान बरोबर. पण तुमच्यासमोर आमच्या बाया तोंड उघडणार नाहीत. मान खाली घालून येतीन अन् मान खाली घालूनच जातीन. तुमच्या इकडे कोनी बाई नाही काय सांगनारी?"

मी आत चुलीवरचं दूध बघत होते. यांनी दाराकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाले, "आहे."

दूध उतू गेलं.

त्या रात्री मी यांना किती विनवलं असेल. मला येतच नाही, चुकेल, लोक हसतील. हे म्हणाले, तुला सगळं येतं, चार वेळा म्हणून दाखवलंयस. ते खरं होतं. मला भीती इतिहासाची नव्हतीच. भीती आबांची होती.

आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. घर वेगळं, पण भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. राजवाड्याच्या दरवाजाच्या अगदी समोर त्यांचं धान्याचं दुकान. दुकान मुलगा बघायचा, आबा मात्र सकाळपासून दुपारपर्यंत बाहेर ओट्यावर लाकडी खुर्ची टाकून बसलेले असायचे. येणारा जाणारा त्यांना रामराम केल्याशिवाय पुढे जात नसे. आमच्या घरी ते आले की मी आतल्या खोलीत. त्यांच्यासमोर सुनेनं बोलायचं नाही, आवाजही ऐकू जाऊ द्यायचा नाही. मीच कशाला, सासूबाईसुद्धा त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलल्या नव्हत्या. धाकट्या भावाची बायको म्हणून त्या आल्या, विधवा झाल्या, म्हाताऱ्या व्हायला आल्या, पण थोरल्या दिराशी बोलणं नाही. काही सांगायचं असलं तर पोराकरवी. आणि गाव दाखवायला सुरुवात करायची ती राजवाड्याच्या दरवाजापासून. म्हणजे आबांच्या नाकासमोर.

मी म्हटलं, सुरुवात देवळापासून करते. हे म्हणाले, "घर दाखवायला माजघरापासून सुरुवात करतात का?" सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "मी येते तुझ्यासंगं. बघू काय होतं ते."

ठरलेल्या दिवशी बाया मोटारीतून उतरल्या. काही नांदुऱ्यातल्या कापसाच्या व्यापाऱ्यांच्या घरच्या, इस्त्रीची लुगडी नेसलेल्या, काही जवळपासच्या खेड्यातल्या शेतकरणी. फडक्यात भाकरी, ठेचा, कांदे बांधून आणलेले. आमच्या अंगणात हातपाय धुतले, पाणी प्याल्या. यांनी शाळेत जाता जाता फक्त माझ्याकडे पाहून मान हलवली. मग आम्ही निघालो. पुढे मी, शेजारी सासूबाई, मागे सगळ्या बाया. आमच्या बोळातून बाजाराच्या रस्त्याला लागलो तशी दुकानांतली बोलणी थांबत गेली. कुणी तराजू हातात धरून तसाच उभा राहिला. बाया एकमेकींना धरून भिंतीकडेनं चालायला लागल्या.

राजवाड्याच्या दरवाजासमोर आलो. आबा खुर्चीवर बसलेले होते. चष्मा, फेटा, हातात काठी. त्यांनी आधी मला पाहिलं, मग सासूबाईंना, मग मागच्या सगळ्या बायांना. मी पदर कपाळापर्यंत ओढला. बाया माझ्याकडे बघत होत्या. ग्रामसेविका म्हणाली, "सांगा न ताई." मागे फिरावं असं वाटलं, पण मागे बाया होत्या.

तेवढ्यात सासूबाई बोलल्या. तोंड माझ्याकडे, पण आवाज रस्त्यापलीकडे पोचेल असा. "आबांना म्हणावं, पाव्हण्या बाया आल्यात लांबून. पोरीला वाडा सांगायचाय त्यांना."

दिरासमोर त्यांनी काढलेला तो पहिला आवाज.

आबा सावकाश उठले. सगळा रस्ता बघत होता. मला वाटलं, आता काठी आपटतील, नाहीतर तडक घरी जातील, आणि संध्याकाळी सारी भावकी आमच्या दारात येईल. आबांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली, आणि रस्त्याकडे पाठ करून दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "सांगू द्या तिला. अन् मोठ्यानं सांग म्हणावं. मागच्या बायांना ऐकू गेलं पाहिजे."

अजूनही त्या फेट्याचा मागून दिसणारा शेमला माझ्या डोळ्यांसमोर येतो. मी त्या पाठीकडे बघून बोलायला सुरुवात केली. पहिली चार वाक्यं यांचीच, पुस्तकी, "ही भव्य वास्तू" वगैरे. एका म्हाताऱ्या शेतकरणीनं शेजारणीला विचारलेलं मला ऐकू आलं, "वास्तू म्हंजे काय वं? पूजा हाय काय आज?" दोघीतिघी हसल्या, मलाही हसू आलं, आणि मग मी उंद्रीच्या आमच्या आडावर बोलायची तशी बोलायला लागले. हा दरवाजा बघा, मान वर करून बघा. इथून हत्ती जायचे. ज्या लेकीनं पुढे स्वराज्याचा राजा घडवला, ती लेक या उंबऱ्यात लहानाची मोठी झाली. तिचे भाऊ इथंच खेळले. या दारातून तिची पाठवणी झाली.

आत गेलो तशा बायांच्या तोंडाची कुलुपं निघाली. पहिला प्रश्न आला तो चुलीचा. "सैपाक कुठं होये?" मला माहीत नव्हतं. यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मी तसं सांगून टाकलं, मला ठाऊक नाही. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्या स्वतःच शोधायला लागल्या. धूर कुठून जाईल, पाणी कुठून आणत असतील, वारा कुठला, यावर दोन बायांचं चांगलंच जुंपलं. व्यापाऱ्याची सून एका बाजूला, शेतकरीण दुसऱ्या बाजूला. शेवटपर्यंत निकाल लागला नाही. पण त्या पडक्या भिंतींच्या मध्ये उभं राहून त्या घर मांडत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या वाड्यात पहिल्यांदाच माणसं वावरायला लागली.

बाहेर आलो तेव्हा आबा तसेच पाठमोरे बसलेले. आम्ही बाजारातून काळ्या कोटाकडे, राजांच्या किल्ल्याकडे, निघालो. आता बाया भिंतीकडेनं चालत नव्हत्या. रस्त्याच्या मधोमध, बोलत, हातवारे करत. कोटाच्या भिंतीची रुंदी बघून एकीनं आपली बैलगाडी वरून जाईल असं सांगितलं. हा कोट अर्धवटच राहिला म्हटल्यावर सगळ्यांनी विचारलं, काऊन? मी म्हटलं, ते पुढे सांगते.

देवळात त्यांना काही सांगावंच लागलं नाही. सरळ दर्शन घेतलं, मग खांबांवरून हात फिरवत बसल्या. मी चुन्याशिवायच्या बांधकामाचं सांगितलं तेव्हा एकीनं दोन दगडांच्या फटीत नख घालून बघितलं. नख जाईना. तिनं बाकीच्यांना बोलावून दाखवलं. कुंडाच्या पायऱ्यांवर बसून सगळ्यांनी पाय गार केले.

तिथून राजांच्या समाधीकडे. उंच इमारत, वर घुमट. तिथं पोचताच व्यापाऱ्याच्या सुनेनं विचारलं, "हे तर दर्ग्यावानी दिसते. राजे आपलेच ना?" प्रश्न सगळ्यांच्याच मनात होता, तिनं तो विचारला एवढंच. मी म्हटलं, राजे आपलेच. पण त्यांचा सारा जन्म सुलतानांच्या दरबारी गेला. त्या काळी मोठ्या माणसाचं स्मारक असंच बांधायची रीत होती, आणि ते बांधणारे हातही तेच होते. जे गवंडी तिकडे मशीद बांधायचे, तेच इकडे समाधी बांधायचे. घुमट बघा आणि त्याच्याखालची नक्षीही बघा. मघाशी देवळात पाहिलंत ते आणि हे, दोन्ही आपलंच, दोन्ही सिंदखेडचं. माझ्या तोंडून "आपलं" निघालं ते मलाच ऐकू आलं. लग्न झाल्यापासून मी या गावाला "तुमचं गाव" म्हणत होते.

मग कोट का राहिला ते सांगायची वेळ आली. हा भाग हे नेहमी भरभर सांगायचे. मी सावकाश सांगितला. दौलताबादच्या दरबारात राजांना दगा झाला. ते, त्यांची दोन मुलं आणि एक नातू एकाच दिवशी मारले गेले. लेक तेव्हा सासरी होती, दिवस गेलेले होते.

वर घुमटात पारवे घुमत होते. मघाची ती म्हातारी शेतकरीण खाली बसली, समाधीच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाप बी गेला अन् भाऊ बी गेले. मंग तिचं माहेरच सपलं म्हना."

बऱ्याच जणी पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला हे शिकवलेलं होतं, मी ते पाठ म्हणत होते, पण असं मी ऐकलं नव्हतं. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांचं माहेर प्लेगात गेलेलं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांनी ते तिथं, त्या बायांमध्ये, दोन वाक्यांत सांगितलं. मग त्याच म्हणाल्या, "चला, बारव बघायचीय अजून."

पुतळा बारवेत, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, उतरताना सगळ्यांचा जीव पुन्हा हलका झाला. भिंतीतल्या दगडी बाया बघून चर्चा सुरू झाली. हिचा अंबाडा अमकीसारखा, तिच्या कमरेची साखळी बघा, असले दागिने आता कोण घडवतो. एकीनं पुतळीसारखं उभं राहून दाखवलं. ग्रामसेविका हसून हसून पायरीवर बसली.

मोती तलावाच्या बांधावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दगडी बांध, कमानी, झरोके, आणि पुढे पाणी. बायांनी फडकी सोडली. भाकरी, ठेचा, सोबत आम्ही घरून नेलेलं वांग्याचं भरीत. सासूबाईंनी कुणाच्या हातचं, कुठल्या घरचं, काही न विचारता सगळ्यांच्यात बसून खाल्लं. हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हातारीनं मला जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "मले वाटलं व्हतं, देवदर्शन करू अन् घरी जाऊ. तू तर मले सारी दुनिया फिरवली वं माय."

परत येताना राजवाड्यासमोरून आलो. आबांची खुर्ची रिकामी होती. पण ओट्यावर पाण्यानं भरलेल्या दोन घागरी होत्या, वर स्वच्छ फडकं बांधलेलं, आणि शेजारी परातीत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. दुकानातून आबांचा मुलगा म्हणाला, "वहिनी, आबांनी पाहुण्यांसाठी ठेवलंय." बायांनी तिथं, भर बाजारात, ओट्यावर बसून गूळ खाल्ला, पाणी प्याल्या. कुणीही भिंतीकडे तोंड केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्याकडे आले. मी नेहमीप्रमाणे आत. ते यांना म्हणत होते, मी पोरवयापासून त्या दरवाजासमोर बसतोय. पाहुणे येतात, तू सांगतोस, मी आपला ऐकल्यासारखं करतो. काल मात्र नीट ऐकलं. मग आवाज जरा चढवून, आत जाईल असा, म्हणाले, "आमच्या घरच्या सुनेनं सांगितलं गाव. पुढच्या वेळी कोण येणार असेल तर आधी निरोप धाडा. पाण्याचं आमच्याकडे राहील."

मी चुलीपुढे बसले होते. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला.

त्यानंतर मलकापूरच्या बाया आल्या, चिखलीच्या शाळेतल्या मुली आल्या, एकदा पुण्याहून काही शिक्षिका आल्या. पुण्याच्या बायांना माझं बोलणं ऐकून सुरुवातीला हसू फुटत होतं. मी ते बदललं नाही. समाधीपाशी पोचेपर्यंत त्या हसायच्या थांबल्या होत्या. पण सगळ्यांत जास्त कस लागला तो आमच्याच गल्लीत. परक्या बायांना दाखवतेस आणि आम्हाला नाही, म्हणून शेजारणी रुसल्या. जन्मभर त्या गावात राहिलेल्या बाया. एका सोमवारी देवदर्शनाचं निमित्त काढून आम्ही सगळ्या निघालो, पण मागच्या बोळानं नाही. राजवाड्याच्या दारात त्यांतल्या एकीनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, रोज या भिंतीच्या मागं धुणं वाळत घालते मी.

पुढे मी घरी बसून मॅट्रिक केलं आणि मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. हे निवृत्त होईपर्यंत मुलांना हे फिरवायचे आणि मुलींना मी. दोघांची वाट एकच, पण हे राजवाड्यातून बाहेर पडायचे तेव्हा माझ्या मुली अजून आतच असायच्या, चूल कुठं असेल यावर भांडत. तो निकाल अजून लागलेला नाही. मी तो लागूही दिला नाही.